वस्त्रगाळ राखुंडी

बायको गेली तेव्हा मुलगी पावणेदोन वर्षांची होती. तीस-बत्तीस सालची गोष्ट. मी रत्नागिरीला कचेरीत नकला करणारा कारकून होतो. दुसऱ्यांनी घाईत खरडलेलं आपण सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहायचं, एवढंच माझं काम. घरात आई नाही, बहीण नाही. तेरावा होतो न होतो तोच लोकांनी मला दोन सल्ले दिले. एक, लवकर दुसरं लग्न करा. दोन, तोवर पोर आजोळी पाठवा. मला दोन्हींचा सारखाच राग आला आणि त्या रागाच्या भरात मी सांगून टाकलं की मुलगी माझ्याजवळच राहील.

आजोळ हेदवीला. सासू-सासरे केव्हाच गेलेले. मेहुणा, त्याची पाच मुलं आणि बायकोची थोरली बहीण, एवढी माणसं तिथे होती. ही बहीण चौदाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली, आणि आईमागे माझ्या बायकोला तिनेच वाढवलं. आम्ही तिला अक्का म्हणत असू. दिवसांना ती आली होती. निघताना दाराशी थांबून म्हणाली, "पोर माझ्याकडे द्या. तुम्ही पुरुषमाणूस, तुम्हांला कसं झेपायचं?" मी म्हटलं, "पाऊसकाळ जाऊ द्या. आगबोटी सुरू झाल्या की बघू." ती गेली आणि मला वाटलं, चला, चार महिने तरी मिळाले.

त्या चार महिन्यांत काय काय जमवलं ते आता आठवून मलाच हसू येतं. भात मऊ शिजवायला शिकलो. झबली धुवायला शिकलो. शेजारी एका शाळामास्तरांचं बिऱ्हाड नुकतंच बदलून आलं होतं. त्यांनी माझ्या बायकोला पाहिलंही नव्हतं, पण मास्तरांची बायको भली होती. मी कचेरीत गेलो की पोर तिच्याकडे. सकाळ मात्र माझी. पोरीला उठवणं, तोंड धुणं, पेज भरवणं हे मी कोणाला करू देत नसे. अभिमान होता मला त्याचा.

पहिले पंधरा-वीस दिवस पोरीने मुकाट्याने दात घासू दिले. मग एक दिवस मागच्या दाराच्या पायरीवर तिला मांडीवर घेऊन बसलो, बोटावर राखुंडी घेतली, तर तिने ओठ घट्ट मिटले. मी हसलो. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बोट जवळ नेताच ती मान फिरवून मागच्या अंगणाकडे बघत राहिली.

मग माझे सगळे उपाय सुरू झाले. काऊ दात घासतो, चिऊ दात घासते. काऊचिऊला दात नसतात हे तिला ठाऊक नव्हतं तोवर बरं होतं. मी स्वतः तिच्यासमोर खसाखसा घासून दाखवत असे. आंब्याचं पान आणून त्याने घासून बघितलं. त्या पानाला ती राजी झाली, पण घासायला नव्हे, खायला. एकदा चिडून तिचे गाल दाबून तोंड उघडलं, तर अशी कडकडून चावली की माझ्या बोटावर दातांची ओळ उमटली. ती रडली आणि मला माझीच लाज वाटली. लिहायच्या हाताचं बोट, दोन दिवस टाक धरवेना.

ती मान फिरवून मागच्या अंगणाकडे बघते याचा अर्थ मी माझ्यापुरता लावला होता. माझी बायको रोज सकाळी त्याच पायरीवर बसून तिचे दात घासायची, आणि मग घागर घेऊन त्याच अंगणातून विहिरीवर जायची. पोर आईची वाट बघते आहे, असं माझ्या मनाने घेतलं. पहिले काही दिवस तिला कळलं नसेल. आता आई येत नाही हे कळलं, म्हणून दुसऱ्याचा हात तोंडाला लावू देत नाही. एकदा असं मनाने घेतल्यावर मला सगळीकडे तेच दिसायला लागलं.

खरं सांगायचं तर मला ते बरं वाटलं. त्या घरात बायकोचं नाव काढणारं कोणी नव्हतं. कचेरीतले लोक तिचा विषय निघाला की शाईच्या दौतीत बघत. मास्तरीणबाईंना ती माहीतच नव्हती. आणि ही एवढीशी पोर रोज सकाळी ओठ मिटून माझ्या बाजूने उभी राहत होती. मी राखुंडीचं बोट तसंच धरून तिच्याशी बोलत बसे. तुझी आई अशी बसायची, अशी गुणगुणायची, तुझे दात मोजताना नेहमी एक जास्तच मोजायची. पोर गप्प बसून ऐके. ओठ राखुंडीपुढे मिटलेले असल्यामुळे, ती माझ्या बोलण्यालाही काही उत्तर देत नाही हे माझ्या लक्षात येत नसे. शेवटी नुसत्या पाण्याने चूळ भरवून मी उठे. कचेरीला उशीर होई, बोलणी खावी लागत, पण दिवसातली तेवढीच घटका मी माणसांत असल्यासारखा असे.

श्रावणात मी अक्काला पत्र लिहिलं. बोटी बंद, तरी टपाल डोंगरवाटांनी जात होतं. मी लिहिलं, 'मुलगी आईला विसरलेली नाही. आईखेरीज कोणाचा हात ती दातांना लावू देत नाही, रोज मागच्या अंगणाकडे बघत बसते. या घरातून तिला हलवलं तर तिचं मन मोडेल. तेव्हा तिला माझ्याकडेच राहू द्यावं.' पत्र चांगलं उतरलं होतं. मी दोनदा वाचलं. नकला करून करून माणसाला चांगलं अक्षर आणि चांगलं वाक्य यांतला फरक कळेनासा होतो, पण ते वाक्यही मला चांगलं वाटलं.

अक्काला लिहिता येत नव्हतं. तिच्यासाठी मेहुण्याने उत्तर लिहिलं, दोनच ओळी. 'अक्का पत्र ऐकून फार रडली. मुलीला नेण्याचा आता तिचा आग्रह नाही.'

मी सुटलो. त्या दिवशी कचेरीतून येताना पोरीला लाकडी भोवरा घेऊन आलो, तिला काही फिरवता येणार नव्हता तरी.

भाद्रपद संपता संपता मला हिवतापाने धरलं. एका सकाळी उठवेना. मास्तरीणबाई पोरीला न्यायला आल्या, म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही पडून राहा. तिचं तोंड मी धुते." मी पडल्या पडल्या म्हटलं, "वहिनी, दात घासायच्या फंदात पडू नका. ती कोणाला घासू देत नाही." त्या मागच्या दारी गेल्या. थोड्या वेळाने राखुंडीचा डबा घेऊन माझ्या अंथरुणाशी आल्या.

"ही कोणी केली?"

"मी."

"कशाची?"

मी अभिमानाने सांगितलं. बायकोच्या हातची राखुंडी ज्येष्ठातच संपली होती. मग मी गिरणीवरून भाताचं तूस आणलं, चुलीत जाळलं, मीठ घातलं, तांदळाच्या चाळणीने चाळलं. मी त्यानेच घासतो, माझे दात बघा.

त्यांनी चिमूटभर राखुंडी दोन बोटांत चोळली आणि माझ्या कानाशी नेली. करकर वाजली. "तुमचे दात घोड्याचे आहेत," त्या म्हणाल्या. "एवढ्याशा पोरीच्या हिरड्यांना ही वाळू लावता, वर मीठ? लहान मुलाला शेणीच्या राखेची करावी, पांढरी होईस्तोवर जाळून. आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळावी. वस्त्रगाळ म्हणजे काय, हे तुमच्या घरात कोणी सांगितलं नाही का हो?"

सांगणारी सांगण्याआधी गेली होती. त्यांना ते लगेच उमगलं. पोरीला कडेवर घेऊन आपल्या घरी गेल्या. कुडाच्या भिंतीपलीकडून मला त्यांचा आवाज येत होता. आ कर, आ. आणि मग पोरीचं खदखदून हसणं, आणि चूळ थुंकल्याचा आवाज. तापात मी भिंतीकडे तोंड करून रडलो. मुलीचं दुखत होतं, तीन महिने दुखत होतं, आणि मी तिच्या दुखण्याला आईची आठवण म्हणत होतो. आणि त्याहून वाईट म्हणजे, ती आठवण नाही हे कळल्याचं मला जास्त दुःख झालं होतं.

पुढे पंधरा दिवसांत मला पुरतं कळलं. मागच्या अंगणात ती बघायची ते शेजारच्या कोंबड्या. आईबद्दल विचारलं तर ती माझ्या तोंडाकडे नुसतं बघे. दोन वर्षांचं पोर, तिने काय म्हणून लक्षात ठेवावं? पण हे अक्काला कळवायला मी काही धजलो नाही. कळवलं असतं तर तिला पोर न्यायला आडकाठी ती कोणती राहिली असती?

आश्विनात बोटी सुरू झाल्या आणि पहिल्याच आठवड्यात अक्का आली. न कळवता आली. गावातल्या एका माणसाच्या सोबतीने जयगडपर्यंत चालत, मधली खाडी तरीने ओलांडून, आणि तिथून बोटीने. बोटीवरून किनाऱ्याला नेणाऱ्या पडावात उतरताना भिजली होती. लाल आलवणाचा पदर पिळत ती पडवीत बसली, पोरीला मांडीवर घेतलं आणि कितीतरी वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मी मनात म्हटलं, नेणार ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या आधी उठून मागच्या पायरीवर बसली होती. मला म्हणाली, "तुम्ही घासा तिचे दात. मला बघायचंय."

मी बोटावर मऊ राखुंडी घेतली. पोरीने भला थोरला आ केला. वरची ओळ झाली, खालची ओळ झाली, तिने माझ्या पायांवर चूळ टाकली आणि हसली. अक्का बघत होती. मग तिने पोरीला जवळ ओढलं आणि हळूच विचारलं, "बायो, तुझे दात कोण घाशी गो?"

"काकू," पोर म्हणाली आणि कुडाकडे बोट दाखवून कोंबड्यांमागे पळाली.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी राखुंडीची सगळी हकीकत सांगितली. शेवटी म्हटलं, "पत्र लिहिलं तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. पण मागाहून कळलं, तरी कळवलं नाही. तुम्ही तिला न्याल म्हणून. ती आईला विसरली आहे अक्का. आठवण मला येते. पोर गेली तर या घरात मला राहवणार नाही."

अक्काने राखुंडीच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "न्यायला नव्हते आले मी. दादाच्या घरी तिच्या आईचं नाव कोण काढत नाही. गेलेल्या माणसाचं काय बोलायचं म्हणतात. तुमचं पत्र ऐकलं नि वाटलं, निदान ही एक आहे आपल्यासारखी. तिला बघायला आले."

मीही तसाच आहे, एवढं म्हणायला हवं होतं. पण मी विधुर, ती विधवा, मधे कुडाचा आडोसा आणि त्याच्यापलीकडे कान. त्या काळी आम्ही दोघांनी बसून गेलेल्या बाईच्या गप्पा माराव्यात, हे कोणी चालवून घेतलं नसतं. निदान मी तशी समजूत करून घेतली. ती आत गेली, मी कचेरीत गेलो.

तिसऱ्या दिवशी मी तिला बंदरावर पोचवायला गेलो. पडावात बसताना ती म्हणाली, "पोरीला जपा." मी म्हटलं, "पोचल्याचं पत्र टाका." ती हो म्हणाली, आणि तिला लिहिता येत नाही हे मला पडाव सुटल्यावर आठवलं.

माझ्या बायकोला जन्मापासून ओळखणारं आणि अजून तिचं नाव काढणारं ते एकच माणूस होतं. दोन दिवस ते माझ्या घरात होतं, आणि मी त्याला एवढंही विचारलं नाही की लहानपणी ती कशी होती.