जागची न हललेली खाच

तिला दूरच्या ग्रहावर मिथेन सापडल्यापासून प्रयोगशाळेत सगळे मिथेनताई म्हणत. ती वरवर रागवायची. घरी सासूबाईंनी ही बातमी जिन्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाला पोचवली होती, आणि दर मजल्यावर ग्रह बदलत गेला होता.

काम सांगायला सोपं. ग्रहाकडून येणारा अवरक्त प्रकाश यंत्रात पसरायचा. वायूने त्यातला जेवढा भाग गिळला असेल, तिथे आलेखात खाच पडते. पंचाईत एवढीच, की तो प्रकाश आपल्याच हवेतून खाली येतो आणि मिथेन आपल्याकडेही आहे. दोघांच्या खाचा वेगळ्या ओळखायच्या त्या गतीवरून. ग्रह जवळ येत असला की त्याची खाच आपल्या खाचेच्या डावीकडे सरकते, दूर जाऊ लागला की उजवीकडे. ताईला खाच डावीकडे दिसली आणि तेवढ्यावर तिने शोधनिबंध छापला. ग्रह दूर जाऊ लागेपर्यंत थांबायला हवं होतं; पण नोकरीच्या कंत्राटाला मुदत असते, ग्रहांना नसते.

आता ग्रह दूर जात होता आणि खाच डावीकडेच होती.

तिने आलेख प्रयोगशाळेच्या प्रमुखांपुढे, सरांपुढे ठेवला. "ही आपल्याच हवेची, सर. आपल्या मिथेनमध्ये जड कार्बनही थोडा असतो, त्याची खाच कायमच जरा डावीकडे पडते. ती वजा करायला मी विसरले."

सर चष्मा पुसत राहिले. "पुढच्या आठवड्यात तुला कायम करायची बैठक आहे. निबंध त्यानंतर मागे घे. ग्रह कुठे पळून जातोय?"

"पळतोय म्हणूनच कळलं, सर."

"विनोद पुरे. घरी विचारलंस?"

विचारलं नव्हतं. नवऱ्याची नोकरी गेल्या वर्षीच सुटली होती.

निबंध मागे घेत असल्याचं तिने त्याच दुपारी नियतकालिकाला कळवून टाकलं. बैठकीने तिला कायम केलं नाही. मोठ्या मनाने एक वर्ष वाढवून दिलं. आता ती त्याच ग्रहावर मिथेन किती नाही, ते मोजते.

"म्हणजे नाहीच ना?" जेवताना सासूबाईंनी विचारलं.

"तसं म्हणता येत नाही, आई. असलाच तर अमुक इतक्याहून कमी."

"आम्ही त्याला नाहीच म्हणतो बाई."

नवरा ताटाकडे बघत होता. सासूबाई उठून गेल्यावर म्हणाला, "आधी मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असतास?"

"आठवडाभर थांब म्हणालो असतो."

"आणि मी थांबले असते," ती म्हणाली.