दोन बोटं जास्त बाही

शमीमआपा गेल्याचं त्यांच्या सुनेनं, नसरीननं, जिन्यातूनच ओरडून सांगितलं. मी वर गॅलरीत मिरच्या वाळत घालत होते. खोटं कशाला बोलू, आधी आला तो राग... अहो आपा, आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि तुम्ही चाललात कुठे? दीड महिना झाला, तो राग अजून गेलेला नाही.

आमची ओळख अठ्ठावीस वर्षांची. त्या खालच्या मजल्यावर, मी वरच्या. मी शाळेत गणित शिकवायचे आणि आपा दारात खुर्ची टाकून लोकरीचे स्वेटर विणायच्या. सोलापुरात स्वेटर! "आपा, चादरींच्या गावात हे कोण घालणार?" असं मी चिडवायचे. "मग चादर पांघरून शाळेत जाता काय, बाई?" त्या विचारायच्या. तान्ह्या बाळांपासून पहाटे निघणाऱ्या रिक्षावाल्यांपर्यंत त्यांची गिऱ्हाइकं होती. मला वैताग यायचा तो त्यांच्या मापांचा. घरात टेप नाही, कागदावर अक्षर नाही. अंगठा आणि करंगळी ताणून वीत मोजायची, नाहीतर बोटं. माणसाला उभं करून डोळे बारीक करून नुसतं बघायचं. मी हौसेनं टेप नेऊन दिली, तर त्या टेपनं त्यांनी लोकरीची पिशवी बांधून टाकली!

निवृत्त झाल्यावर मी पहाटे तलावाकाठी फिरायला जाऊ लागले, तेव्हा आपांनी माझा स्वेटर घातला सुयांवर. मीही काही कमी छळलं नाही त्यांना. गळा टोचतो, समोर बटणंच हवीत, चष्म्याला खिसा हवा... दर वेळी त्या मुकाट्यानं उसवायच्या आणि पुन्हा टाके घालायच्या. "गड्ड्याच्या जत्रेपर्यंत देतेच," असं म्हणता म्हणता संक्रांतीच्या दोन जत्रा झाल्या.

शेवटची भेट त्यांच्याच दारातली. खांद्यापासून खाली विणत आणलेल्या दोन्ही बाह्या मनगटाशी आल्या होत्या. मी त्या टेबलावर पसरल्या, पिशवीची टेप सोडून मापल्या. डावी बाही चांगली दोन बोटं जास्त!

"आपा, हे काय? दोन्ही सारख्या नकोत का?"

"बाही टेबलाला न्हाय घालायची, बाई, हाताला घालायची हाय," आपा म्हणाल्या. "तुमचा डावा हात कोपरात वाकून ऱ्हातो की. बाही वर चढती."

शेजारच्या दोघी बायका तिथंच बसल्या होत्या. त्यांनी लगेच माझ्या हाताकडे बघितलं. स्कूटरवरून पडून मोडलेलं माझं कोपर कधी सरळ झालंच नाही. पुढं सगळी नोकरी मी तो हात पदराखाली धरून काढली. शाळेत कुणाला पत्ता लागू दिला नाही, आणि या बाईनं तो असा चव्हाट्यावर मांडावा?

"माझा हात नीट आहे! दोन्ही सारख्या करा," मी ओरडले. "जन्मभर गणित शिकवलंय मी."

आपांनी सुई काढली आणि माझ्यासमोर दोन बोटं बाही उसवली. मी तणतणत वर आले आणि नंतर आठ दिवस खाली उतरताना त्यांच्या दाराकडे बघितलंसुद्धा नाही. दार रोज उघडं होतं. नवव्या दिवशी दुपारी आपा खुर्चीतच गेल्या.

चाळिसावा झाल्यावर नसरीन पिशवी घेऊन वर आली, माझ्याच टेपनं बांधलेली. आत स्वेटर. बटणं, खिसा, मऊ गळा, सगळं माझ्या म्हणण्याप्रमाणे. उजव्या बाहीचे टाके बंद केलेले. डाव्या बाहीचे मात्र एका मोठ्या सेफ्टी पिनेत अडकवून तसेच उघडे ठेवलेले, आणि पिनेला उसवलेल्या लोकरीचा छोटासा गुंडा. ती लोकर अजून वाकडीतिकडीच होती.

"अम्मी म्हणायच्या, बाई येऊन सांगतील, मगच बंद करायचं," नसरीन म्हणाली. "रोज इचारायच्या, वरनं कोण उतरलं काय."

जन्मभर या बाईनं माझं एक माप मानलं नाही, आणि हाताचं तेवढं माझ्या तोंडून ऐकायला थांबली! थांबायचं कशाला? बाही विणून टाकायची, फेकायची माझ्या अंगावर... मी घातली असती. दोन दिवस धुसफुसून तिसऱ्या दिवशी घातली असती.

नसरीन म्हणते, मी करून देते, दोन बोटांचं तर काम हाय. मी तिला विचारलं, कुणाची दोन बोटं? आपांची सडपातळ होती, माझी जाडजूड. उगाच डाफरले तिच्यावर.

सध्या मी तो स्वेटर तसाच घालते. डावी बाही वर चढते, मनगट उघडं पडतं आणि पहाटेचा गारठा नेमका तिथं लागतो. फिरायला येणाऱ्या बायका विचारतात, अहो बाई, एक बाही आखूड कशी झाली? मी पदर बाजूला करून त्यांना कोपर दाखवते आणि सांगते, बाही बरोबर आहे, माझा हात वाकडा आहे.