गढ्यातली गुराब

समुद्र एकदाही न पाहता आयुष्यभर त्याची धास्ती घेतलेला, आणि तरीही घरात लढाऊ जहाज बांधायला बसलेला माणूस अख्ख्या मध्य प्रदेशात एकच झाला असेल. तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हा माझ्या पत्रिकेतला योग. मी मूळचा कोकणातला, बंदराच्या गावचा. सरकारी नोकरीने मला जबलपूरला आणून टाकलं आणि इथल्याच मराठी मुलीशी माझं लग्न ठरलं. लग्न आमच्या गावी व्हावं अशी आमच्या घरच्यांची इच्छा होती. पण मामा समुद्राच्या वाऱ्यालाही उभे राहणार नाहीत आणि मामांशिवाय मुलगी बोहल्यावर चढणार नाही, असं कळल्यावर आमचंच वऱ्हाड गाड्या बदलत इकडे आलं. अक्षता टाकताना मामा मला असे निरखत होते की माझ्या मुंडावळ्या वाकड्या झाल्या असाव्यात असं मला वाटलं. जेवणं उरकल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "जावईबापू, समुद्राचा वास कसा राहते हो?" ओहोटीचा चिखल, सुकत घातलेली मासळी आणि भिजलेला दोरखंड यांचा मिळून जसा येईल तसा, असं मी सांगितलं. त्यावर त्यांनी मान हलवली आणि "मग बरोबर आहे," असं म्हणून ते पान खायला निघून गेले. काय बरोबर आहे, हे विचारायचं नव्या जावयाला सुचलं नाही.

मामा तोफांच्या फॅक्टरीतून निवृत्त झाले होते. तिथे ते पॅटर्न शॉपमध्ये होते, म्हणजे जो भाग लोखंडात ओतायचा तो आधी लाकडात तंतोतंत घडवायचा, हे त्यांचं काम. त्या कामाने त्यांच्या बोटांना इतकी शिस्त लावली होती की भाकरीचा तुकडासुद्धा ते काटकोनात मोडत. वरणात बुडवण्यापूर्वी तो एक डोळा मिटून बघत. उरलेली सगळी शिस्त त्यांनी पाण्याला भिण्यात खर्च केली होती. नर्मदेच्या काठी जन्म गेला, पण नावेत पाय ठेवला नाही. नागपूरला जाताना तिलवाऱ्याचा पूल आला की हा भारदस्त माणूस बसमध्ये दोन्ही पाय वर उचलून धरायचा आणि पलीकडचा काठ लागेपर्यंत खाली टेकवायचा नाही. एकदा शेजारच्या बाईंनी "अंकलजी को मरोड़ आया है क्या?" असं विचारून ओवा पुढे केला. मामांनी पाय वरच ठेवून तो खाल्ला.

या भीतीला कारण होतं, आणि ते घरातल्या सगळ्यांना पाठ होतं. मामांचा मूळपुरुष मराठ्यांच्या आरमारात एका गुराबेवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता. गुराब म्हणजे दोन डोलकाठ्यांचं, टोकदार नाळेचं लढाऊ जहाज. एका लढाईत तिला आग लागली तेव्हा खलाशांना हाक देण्याऐवजी या तांडेलाने एकट्यानेच होडी सोडली आणि काठ गाठला. मग तो आत आत चालत राहिला. समुद्राचं नाव काढलं तरी लोक नर्मदेकडे बोट दाखवतील असा मुलूख आला, तेव्हा कुठे तो थांबला. तो मुलूख म्हणजे आता जबलपुरात आलेला गढा. तेव्हापासून या घरात सर्वपित्रीला पितरांची पानं वाढून झाली की अंगणात पश्चिमेकडे तोंड करून एक जास्तीचं पान मांडतात. ते मागे राहिलेल्यांचं पान. एरवी पानात सगळ्यात आधी मीठ वाढतात. या पानात ते वाढायचंच नाही, आणि त्याचा स्वयंपाकही अळणी करायचा. त्यांच्या पोटात आधीच पुष्कळ मीठ गेलंय, असं मामी मला पहिल्या वर्षी सांगत होत्या, तेही शेजारच्याला गोड चालत नाही असं सांगावं इतक्या सहज.

मामांना मूलबाळ नव्हतं. गुराब त्यातूनच निघाली. त्यांच्यामागे हे पान मांडणारं कोणी उरणार नव्हतं, आणि जेवायला आलेली माणसं रिकाम्या अंगणातून परत जातील या विचाराने त्यांचा घास अडत असे. पान मी मांडत जाईन, असं मी एकदा म्हणून पाहिलं. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "तुम्ही काहून, जावईबापू? सोडून तर आमचा माणूस आला. त्यांची नाव त्यांना आम्हीच दिली पाहिजे. मग जातील ना ते आपल्या वाटेनं." मागच्या खोलीत सागवान येऊन पडलं, जुनी हत्यारं निघाली आणि मामींच्या लोणच्याच्या बरण्या कायमच्या व्हरांड्यात आल्या.

गुराब वाढत गेली तसे मामांचे आणखी नवे प्रकार सुरू झाले. खोलीत शिरण्यापूर्वी ते खाकरत, दाराबाहेर चपला काढत आणि आत गेल्यावर "बसा, बसा" म्हणत. आत कोणी नसे. भर मे महिन्यात, बाहेर लू चालू असताना, त्या खोलीतली फरशी ओलसर लागे. मी मामींना कूलरचं पाणी गळतंय का असं विचारलं, तर म्हणाल्या, "कूलर तर समोरच्या खोलीत आहे." तोफा झाल्या, शिडं झाली, दोर झाले, पण डेकवर एकही माणूस नव्हता. लाकडाचे चार खलाशी करून ठेवले तर शोभा येईल, अशी सूचना मी केली. मामा पटाशीला धार लावत होते. मान वर न करता म्हणाले, "माणसं कशाला बनवायची? तेच तर उभे राहून पाहून राहिले."  त्याच वेळी मला तो वास आला. ओहोटीचा चिखल, सुकी मासळी, ओला दोरखंड. त्या घरात तो ओळखू शकणारा मी एकटाच होतो, आणि मामा माझ्याकडे बघत होते. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना काय ते कळलं.

पितृपक्ष तोंडावर आला तेव्हा घमापूरच्या काचवाल्याने गुराबेसाठी काचेची पेटी आणून दिली. मामांनी गुराबेच्या आराखड्यावरून माप दिलं होतं. आम्ही दोघांनी गुराब उचलून आत ठेवायला घेतली, तर ती करंगळीच्या जाडीइतकी जास्त लांब. पुन्हा उलटी करून पाहिली, तिरकी करून पाहिली. काचवाल्याने टेप लावून पेटी बरोबर असल्याचं दाखवलं. "भैया, पेटी तो नाप की है। जहाज बढ़ गया होगा," असं म्हणून तो हसला आणि मग मामांचा चेहरा पाहून टेप गुंडाळू लागला.

मामांनी आपली जुनी पोलादी पट्टी हातात घेतली आणि ते मटकन खाली बसले. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न शॉपमधली माणसं लाकूड जरा मोठं कापतात, आणि त्यासाठी त्यांच्या पट्टीवरचा इंचच मुळी थोडा मोठा असतो. सवयीने मामांनी सारी गुराब त्याच पट्टीने मापली होती. जिच्यात काही ओतायचंच नाही ती वस्तू ओतकामाच्या मापाने घडली. मामांनी त्या दिवशी जेवण घेतलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. चुकीच्या मापाची नाव कोण घेईल, असं ते पुन्हापुन्हा म्हणत. नवी करायला हात राहिले नव्हते आणि डोळेही.

सर्वपित्रीच्या सकाळी मात्र ते अंघोळ करून ताठ चालत आले. मामी अंगणात पान मांडायला निघाल्या तर त्यांनी ते हातातून घेतलं, मागच्या खोलीत गुराबेपुढे मांडलं आणि आम्हाला दारात उभं केलं. "ही नाव नाही हो. हा पॅटर्न आहे. यात खरं भरायचं तर आता राहिलं." मग गुराबेकडे वळून, घरात आलेल्या वडीलधाऱ्यांना म्हणावं तसं, ते मान खाली घालून म्हणाले, "आमच्या माणसानं तुम्हाला हाक दिली नाही. मी देतो. या, चढा." मग बाहेर येऊन त्यांनी दार लोटून घेतलं. आम्ही समोरच्या खोलीत जेवायला बसलो. कोणाचंच जेवणात लक्ष नव्हतं. आतून लाकूड करकरल्याचा आवाज येत होता, आणि मामी प्रत्येक करकरीला माझ्या पानात आणखी एक वडा वाढत होत्या.

दुपारी दार उघडलं तेव्हा फरशी कोरडी होती आणि वास नव्हता. मामांनी गुराबेवर तळवा ठेवला. "गार झाली," एवढंच म्हणाले. आम्ही ती उचलली. ती नेहमीपेक्षा जड होती, आणि पेटीत सहज बसली. पावसाळ्याच्या अखेरीस लाकूड फुगतं, आणि लांबीत तर ते कधी आकसतच नाही, हे मामांनीच मला शिकवलं होतं. पेटी खोलीबाहेर गेली नव्हती. मी पुष्कळ विचार केला आणि मग सोडून दिला.

त्यानंतर मामा अगदी चारचौघांसारखे झाले. खाकरत नसत, दुपारी झोपत, भाकरी कशीही मोडत. सुटल्यासारखे दिसत, पण कधीकधी रिकाम्या खोलीच्या दारात उभे राहत. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटे. पाहुणे उठून गेल्यावर घर मोठं होतं, तसं त्यांचं झालं होतं. थंडीत ते गेले, झोपेतच. अस्थी तिलवाऱ्याला नेल्या. नावेत मी बसलो होतो, आणि मला उगीचच पाय वर घ्यावेसे वाटले.

या वर्षी सर्वपित्रीला मागे राहिलेल्यांचं पान मांडलं नाही, मामांचं मांडलं. मामी वाढत होत्या, मी वाटी घेऊन पुढे झालो आणि पहिलं मीठ वाढायला हात घातला. मामींनी माझं मनगट धरलं.

"राहू द्या, जावईबापू. त्यांना आता तिकडं पुरून उरत असेल."

मी वाटी खाली ठेवली. मामींनी पान उचलून पश्चिमेकडे फिरवलं.