साठेकाकांच्या चित्रातली कोरी जागा

साठेकाका आज सकाळी गेले.

आणि त्यांचं सगळ्यात सुंदर चित्र मी कात्रीने कापलं होतं. हे आधीच सांगून टाकते.

काका अमेरिकेतल्या ट्रॉय गावातले आमचे शेजारी. तीस वर्षं त्यांनी इंजिनिअर म्हणून कारच्या दारांची ड्रॉइंग्ज केली. काकू गेल्यावर, अडुसष्टाव्या वर्षी, कम्युनिटी सेंटरमध्ये चिनी शाईचित्रं शिकायला लागले.

शिकवणाऱ्या लिनबाईंनी सहा महिने नुसते दगड काढायला लावले. काकांनी एकदाही कुरकुर केली नाही. मी दुसऱ्याच आठवड्यात क्लास कॅन्सल केला असता!

चार वर्षांपूर्वी, 2004 मध्ये, आम्ही घर घेतलं, तेव्हा वास्तुशांतीला त्यांनी एक चित्र दिलं. डोंगर, धबधबा, पायवाटेवर तांदळाएवढा एक म्हातारा.

वरचा अर्धा कागद कोरा.

माझ्याकडची फ्रेम लहान होती. मी तो कोरा भाग सरळ कापला. कोरा कागद टाकायचा नाही हे आईचं वळण, म्हणून त्यावर ग्रोसरीची यादी लिहून फ्रिजला लावली.

रविवारी काका चहाला आले. आधी फ्रेम बघितली, मग फ्रिज. मग परत फ्रेम.

"काय झालं काका?"

"काही नाही गं. डोंगर म्हणजे टिकणारं, पाणी म्हणजे वाहून जाणारं. दोन्ही जिथून येतात आणि जिथे परत जातात, ती ही कोरी जागा. तिथे ब्रश लावायचा नसतो. मला वर्षभर जमेना. रिकामी जागा दिसली की इंजिनिअरचा हात शिवशिवतो."

"आणि हा म्हातारा?"

"मी. वर बघतोय. तुझ्या काकूंकडे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांनी यादी वाचली. दूध, लिंबं, कोथिंबीर. आणि चक्क हसायला लागले.

"असू दे. कोथिंबिरीशिवाय तुझ्या काकूंचं पान हलायचं नाही. बरोबर जागी पोचली यादी."

एवढा मोठा माणूस, स्वतःला तांदळाएवढा काढू शकला. म्हणूनच हसू शकला, असं मला वाटतं.

तो तुकडा मी चार वर्षं जपून ठेवला होता. आज मोठी फ्रेम आणली आणि तो जागच्या जागी चिकटवला, यादीसकट. सांधा दिसतोय. दिसू दे.

सावकाश जा, काका. काकूंना माझा नमस्कार सांगा.

आणि कोथिंबीर विसरू नका.