लिंबू-मिरचीची तार

लिंबाचा वास आला की चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला तो गाळा आठवतो. दादाच्या रेसच्या गाडीत वेग वाढवणाऱ्या गॅसची बाटली बसवली होती आणि तो गॅस इंजिनात सोडणाऱ्या सोलेनॉइडची, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या झडपेची, वायरिंग ताई करत होती. वायरींच्या उघड्या टोकांवर चढवायच्या रबरी टोप्या आणायला ती वळली, तेवढ्यात आईने, पोराला नजर लागू नये म्हणून, बॉनेटखाली तारेत ओवलेली लिंबू-मिरची अडकवली. तार बॅटरीला आणि झडपेच्या उघड्या वायरीला एकाच वेळी टेकली. टक् आवाज झाला आणि गॅस फुसफुसत बंद इंजिनात भरू लागला. ताईच झडप तपासतेय असं वाटून आत बसलेला दादा हसत म्हणाला, "काय गं, मारू का स्टार्टर?" "चावीला हात लावू नको, इंजिन फुटेल रे!" ताई ओरडली, धावत जाऊन तिने बाटली बंद केली आणि दादाला ओढून बाहेर काढलं. आईचा चेहरा पांढरा पडला. "मी त्याच्यासाठीच बांधली होती गं," एवढंच ती म्हणाली. ताईने तिच्या हातात टोप्या दिल्या आणि म्हणाली, "ये, आता तूच लाव." अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं मी आजही चौकात उभी राहून वाटते, भांडतेसुद्धा; पण ज्या पत्रकात घाबरलेल्या आईची टिंगल असते, ते मी वाटत नाही.