डिक्कीतून पुढच्या सीटवर

मला गावात डिक्कीशेठ म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, कारण माझं तोंड कसं आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण आमच्या ईट गावच्या स्टँडवर उतरून जुन्या ट्रॅक्टरवाल्याचं घर विचारलं, तर पानटपरीवाला आधी डोकं खाजवतो आणि मग म्हणतो, "डिक्कीशेठ व्हय? मारुतीच्या मागं."

जुने ट्रॅक्टर घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे, हा माझा धंदा. त्याआधी बैलांचा व्यापार केला आणि त्याच्याही आधी दुसऱ्यांची मेंढरं राखली. जे केलं ते माझं मी केलं. त्यावरून एखादं नाव पडायला हरकत नव्हती. नाव पडलं ते एका दुपारच्या प्रवासावरून.

तेव्हा मी विशीत होतो आणि मालकांच्या गोठ्यावर कामाला होतो. मालक म्हणजे गावातले मोठे जमीनदार. गाव अजूनही त्यांना मालकच म्हणतं. त्यांनी पुण्याहून कॉन्टेसा आणली होती. मेंदीच्या रंगाची, लांबलचक बॉनेटची. ती सुरू झाली की गोठ्यातल्या म्हशी पान्हा चोरायच्या. मालकांनी ड्रायव्हर कधी ठेवला नाही. "दुसऱ्याच्या हातात देऊन तिचं तोंड खराब करायचं न्हाय," असं ते म्हणायचे. स्टिअरिंगवर बसलेला मालक आणि बाकीचे सगळे बाहेर, हे चित्र माझ्या डोक्यात तिथंच पक्कं बसलं.

एका बाजारच्या दिवशी त्यांच्या खिलारी वासराचं पोट फुगलं. भूमला जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. मी वासरू उचलून मागच्या दारापाशी नेलं.

"तिथं न्हाय, सीट घाण हुईल," मालक म्हणाले. "डिक्कीत टाक. आन तूबी बस त्याला धरून."

मागची सीट अख्खी मोकळी होती. डिक्कीचं झाकण वर करून दोरीनं बांधलं. वासराची मान मांडीवर घेऊन आणि पाय बाहेर सोडून मी बसलो, आणि भरलेल्या बाजारातून आम्ही निघालो. गाडी समोरून येताना लोकांना मालक दिसायचे, गाडी निघून गेली की मी दिसायचो. त्यामुळे लोकांना मला बघायला जास्त वेळ मिळाला. भूम येईपर्यंत वासरू बरंही झालं. डॉक्टर म्हणाला, रस्त्याच्या हादऱ्यांनी वायू सरला. संध्याकाळी मी गावात परत आलो तेव्हा नाव पडलेलं होतं. शेठ नंतर जोडलं, मी पैसे कमवायला लागल्यावर. तेवढी गावाची रीत आहे.

पुढचा प्रसंग घडला नसता तर मी हे विसरलो असतो, असं माझी बायको म्हणते. मी विसरलो नसतो. गेल्या वर्षी मुलीला बघायला उमरग्याहून पाहुणे आले. स्टँडवर त्यांनी घर विचारलं आणि टपरीवाल्यानं नेहमीचं उत्तर दिलं. चहा घेताना व्याही होऊ घातलेल्या गृहस्थांनी मला अदबीनं विचारलं, "डिक्कीशेठ म्हणजे तुमची मोटारींची एजन्सी हाय काय?"

"हाय थोडीफार," मी म्हणालो. आत बायकोच्या हातातून कपबशी पडली. ती हसत होती.

लग्न जमलं. पण मी ठरवलं की मुलगी सासरी जायच्या आत हे नाव गावातून घालवायचं. उपाय मला स्पष्ट दिसत होता. तीच गाडी, तोच बाजार, आणि स्टिअरिंगवर मी. सगळ्या गावानं एकदा ते डोळ्यांनी बघितलं की विषय मिटला.

गाडी मालकांच्या जुन्या गोठ्यात पडून होती. टपावर कडबा रचला होता आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. चारही टायर जमिनीला चिकटले होते. मालकांची मुलं पुण्यात असतात. त्यांना ती भंगारात द्यायची होती, पण म्हातारा देत नव्हता. मी मागायला गेलो तेव्हा मालक ओट्यावर बसले होते. मी गाडीकडे बघितलंच नाही. आधी कडब्याचा भाव विचारला, मग पावसाचं बोललो.

"गाडीसाठी आलायस ना?" मालक म्हणाले. "मग कडब्याचं काय इचारायलास?"

"गाडी कुठाय? तिथं तर कोंबड्यांचं खुराडं दिसायलंय."

"खुराडं हाय तर जा मग. खुराडं इकायचं न्हाय मला."

मी उठलो, चपला घातल्या, फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. असं आम्ही दोघांनी त्या आठवड्यात बऱ्याचदा केलं. एकदा मी इतका ओरडलो की शेजारचे लोक बघायला आले आणि कोणीतरी पाण्याचा तांब्या आणून दिला. शेवटी मालकांनी खांद्यावरचं उपरणं माझ्या हातावर टाकलं. बैलांच्या बाजारात भाव असाच ठरतो, कापडाखाली बोटं दाबून, म्हणजे बघणाऱ्याला कळत नाही. म्हाताऱ्याची बोटं अजून कडक होती. माझीही होती. सौदा झाला. मालकांनी बॉनेटला हळदीकुंकू लावलं, त्यावरून हात फिरवला आणि घरात निघाले.

"मालक, चावी?"

"चावी कशाची?"

"गाडीची."

"बैल इकल्यावर दावं देतेत का रं कुणी? इतकी वर्सं बाजार केलास तू."

हे खरं होतं. आमच्याकडे जनावर विकणारा त्याचं दावं सोडून घरी नेतो. दावं दिलं तर गोठ्याची बरकत जाते म्हणतात. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं असतं. मी स्वतः इतकी दावी घरी आणली आहेत की ठेवायला जागा नव्हती. मोटारीला हा नियम लागत नाही असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात आलेले शेजारी माना डोलवायला लागले होते. मी चावीशिवायच गाडी घेतली.

गाडी ट्रॉलीवर चढवून उमरग्याला नेली. तिथं हायवेला एक मिस्त्री आहे. हैदराबादच्या जुन्या बाजारातून सामान आणायला त्याला सोपं जातं. त्यानं बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि बंद केलं.

"शेठ, हिच्यात उंदरांची तिसरी पिढी नांदायलीय. त्यास्नी कुठं पाठवू?"

"काम सांग."

"सांगतो की. काय चांगलं हाय तेवढं सांगतो, लवकर हुईल."

वायरिंग उंदरांनी खाल्लं होतं. पेट्रोलच्या टाकीला आतून गंजाचे खवले धरले होते. ब्रेक नव्हतेच. कार्बोरेटर उघडल्यावर आतून गांधीलमाशीचं घर निघालं. इंजिन मात्र जाम झालं नव्हतं. मिस्त्रीनं त्यात तेल सोडलं, दोन दिवस मुरू दिलं आणि पान्ह्यानं हळूच फिरवून दाखवलं. फिरलं. मी त्याला शाबास म्हणणार होतो, पण म्हटलं की भाव वाढतो.

पुढचे कित्येक महिने मी त्याच्याशी फोनवर भांडलो. एक पार्ट आला की दुसरा बसायचा नाही. काचेचं रबर मिळालं ते भलत्याच गाडीचं निघालं. माझे ट्रॅक्टर दारात उभे राहिले आणि गिऱ्हाईक परत जायला लागलं. चावी नव्हती म्हणून मिस्त्रीनं स्टिअरिंगचं लॉक तोडलं आणि ट्रॅक्टरचा स्विच बसवला. आता ही गाडी तालुक्यातल्या कुठल्याही ट्रॅक्टरच्या चावीनं सुरू होते. हे मी कोणाला सांगत नाही.

ज्या दिवशी ती पहिल्यांदा सुरू झाली त्या दिवशी मी तिथंच होतो. आधी नुसता खोकला, मग काळा धूर, मग एकदम तो आवाज. खोल आणि भरीव, छातीत बसणारा. मला गोठ्यातल्या म्हशी आठवल्या. मिस्त्री माझ्याकडे बघत होता, म्हणून मी सायलेन्सर फुटका आहे का असं विचारलं.

धाराशिवला पासिंग झालं, गाडी माझ्या नावावर झाली. मालक सहीला आले होते. झेरॉक्सवाल्यानं त्यांना बसायला खुर्ची दिली. मी उभाच होतो, पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

मग मुलीच्या लग्नाआधीचा एक बाजारचा दिवस आला. मी पांढरे कपडे घातले. बायकोला म्हणालो, "चल, बस."

"आवो, मला वांगी आणायचीत. मिरवायला न्हाय जायचं मला," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन चालत गेली.

मी एकटाच निघालो. मालकांच्या घरासमोरूनच रस्ता जातो. दारात एस.टी.ची वाट बघत म्हातारा काठी टेकून उभा होता. त्यांना भूमला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं होतं. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी हात वर केला. मी थांबलो. खरं सांगतो, याहून चांगलं मला मागूनही मिळालं नसतं. ज्या माणसानं मला डिक्कीत बसवलं, त्याला बसवून तोच बाजार पार करायचा. मालक पुढच्या दाराशी आले.

"मालक, मागं बसा."

"मागं मला मळमळतं रं. ह्या गाडीत म्या कधी मागं बसलो न्हाय."

"म्हणूनच."

त्यांनी काठी काखेत धरली. मग मागचं दार उघडून बसले. सीटला नवं रेक्झिन घातलं होतं. त्यावर त्यांनी हात फिरवला. मी आरशात बघितलं. मालक मागे होते, मी स्टिअरिंगवर होतो. इतक्या वर्षांचा हिशेब इथं चुकता झाला असं मला वाटलं.

बाजारात गर्दी होती. गाडी पावला-पावलानं चालली. आवाज ऐकून लोक वळायला लागले. काही जण उठून उभे राहिले. एका म्हाताऱ्यानं टोपी सारखी केली. मी काच खाली केली आणि मान थोडी वर धरली.

"रामराम मालक!" लोक म्हणत होते. मागच्या खिडकीकडे बघून.

एका भाजीवालीनं मेथीची जुडी मागच्या खिडकीतून आत दिली. "लई दिसांनी गाडी काढली बगा मालकांनी," ती शेजारणीला म्हणाली. मग परगावचा एक टेम्पोवाला माझ्या काचेवर थाप मारून म्हणाला, "ए डायवर, जरा बाजूला दाब की."

मी तिथंच गाडी थांबवली आणि खाली उतरलो.

"गाडी माझी हाय!" मी ओरडलो. "म्या इकत घेतलीय! पासिंग माझ्या नावावर हाय!"

चहाच्या गाड्यावर बसलेले दोघं-तिघं समजुतीनं हसले. त्यातला एक म्हणाला, "व्हय की. समदे डायवर तसंच म्हणतेत, माझी गाडी, माझी गाडी. जीव लागतो मानसाचा."

"बरं झालं की डिक्कीशेठ," दुसरा म्हणाला. ही पहिलीच वेळ, तोंडावर. "ट्रॅक्टरचं काम बसलंय म्हणत हुते. मालकांकडं पुन्यांदा लागलाव, चांगलं केलंव."

मागच्या सीटवरून आवाज आला, "अरं चल की बाबा. दवाखाना बंद हुईल."

मागे चार गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी बसलो आणि गाडी चालवली. दुसरं काय करणार होतो?

बाजार मागे पडला. भूमच्या रस्त्याला लागल्यावर म्हणालो, "मालक, गावात सांगा, तुमी गाडी इकली म्हणून."

"आपल्या हातानं कसं सांगायचं? लोक म्हणतेल, घर बसलं ह्यांचं." ते मेथीची पानं निवडत होते. "कुनी इचारलं तर सांगीन."

"पक्कं?"

"पक्कं. पन मग दर बाजारी मला दवाखान्याला न्यायचं. डोळ्यात औषध टाकायला बोलावतेत. एस.टी.चा भरवसा न्हाय."

आता हा सौदा होता आणि सौदा मला कळतो. मी गाडी कडेला घेतली. म्हणालो, नेतो, पण पुढं बसायचं, माझ्या शेजारी. मालक म्हणाले, आता मागंच बरं वाटतंय, पाय पसरता येतेत, मळमळतबी न्हाय. मी ओरडलो. ते ओरडले. मी म्हणालो, उतरा मग. त्यांनी दार उघडलं, एक पाय खाली ठेवला आणि थांबले. मी गाडी सुरू केली नाही. आम्ही दोघंही या कामात जुने आहोत.

शेवटी ठरलं. जाताना पुढं, येताना मागं. आणि कोणी विचारलं, तर गाडी कोणाची ते खरं सांगायचं.

तेव्हापासून दर बाजारी मी त्यांना नेतो आणि आणतो. दवाखान्यात नंबर लावायला जाताना आम्ही पहाटे निघतो, तेव्हा बाजार भरलेला नसतो. येताना भरलेला असतो. मालक शब्दाला पक्के आहेत, कोणी विचारलं तर नक्की सांगतील. अजून कोणी विचारलेलं नाही.