जमनाला घरात चालवायचं मशीन

सुजित तांडेल तारापूरच्या कारखान्यात सुपरवायझर झाला आणि त्याच्या नाकाला एकाएकी मासळीचा वास सोसेना. जिच्या जिवावर तो शिकला ती मासळीची पाटी त्याने आईच्या डोक्यावरून उतरवली. आईला पालघरजवळच्या माहीमहून बोईसरच्या फ्लॅटमध्ये आणून सोफ्यावर बसवलं आणि भेटेल त्याला सांगत सुटला, "आईला आता आराम." त्या आरामाने जमनाची साखर वाढली.

डॉक्टर म्हणाले, रोज चाला.

"मंग बाजारात जाते ना," जमना लगेच म्हणाली. "पालघरात माजी जागा हाय."

"आये, तिथं आमच्या कंपनीतली माणसं येतात."

पोटच्या पोराला आपली लाज वाटते हे तिला त्या दिवशी नीट कळलं. रडण्याऐवजी तिला त्याची किळस आली. सुजितने मात्र तोडगा काढला होता. आईला घरातच चालवायचं, म्हणजे ती चालली तरी कोणाच्या नजरेस पडणार नाही!

त्यासाठी मशीन घ्यायचं ठरलं, उभ्याने जागच्या जागी चालायचं, नाव इलिप्टिकल ट्रेनर. आठवडाभर ताटातला घास सोडून तो मोबाइलवर तेच बघत होता. चक्र जड हवं, आवाज नको, वर चढल्यावर डोकं छताला लागायला नको. नवी होडी पाण्यात घालावी तसा त्याचा थाट. जमना मुकाट ऐकत होती, कारण तिचा जीव दुसरीकडेच अडकला होता. बाजारात रीतच होती. नारळी पुनवेनंतरच्या पहिल्या रविवारी जी बाई आपल्या जागेवर बसली नाही, तिची जागा दुसरीला जायची. ही जागा जमनाला सासूने दिली होती. शेजारी बसणाऱ्या सोजराबाईने निरोप धाडला होता, "तुज्या वाट्याची पाटी मी आणते, तू फकस्त ये."

कोळ्याच्या पोटी जन्मून सुजितला ही रीत आठवली नाही. नेमक्या त्याच रविवारी तो आईला घेऊन पालघरात, बाजारासमोरच्या दुकानात आला.

"चढा मावशी," दुकानातला मनीष म्हणाला. "गुडघ्याला धक्काच नाही. पाय उचलायलासुद्धा लागत नाही."

जमनाने लुगडं खोचलं आणि चढली. पाय गोल गोल फिरू लागले, हातातले दांडे पुढे-मागे झाले. दुकानाच्या काचेतून समोर सोजराबाईची छत्री दिसत होती, आणि तिच्या शेजारची रिकामी जागा.

"पाऊल आखूड पडतं रं याच्यावर," ती म्हणाली.

"लांब पावलाचं मोठं येतं," मनीष म्हणाला.

"ते हॉलमध्ये मावणार नाही," सुजितने खिशातला टेप काढला. "आये, तू जरा लहान पावलं टाक ना."

जमना खाली उतरली. एवढा शिकलेला पोर, आणि हॉलच्या मापाने आईचं पाऊल कापायला निघालाय! "तुजा हॉल आनि तुजं मशीन, तूच बघ," असं म्हणून ती थेट रस्ता ओलांडून गेली. सोजराबाईने पाटी पुढे सरकवली. जमना आपल्या जागेवर बसली, कोयता पुसला आणि मासळीवर पाणी मारलं.

सुजित तणतणत मागून आला. तोंड उघडणार, इतक्यात त्याच्या पाठीवर थाप पडली. कंपनीतले मोठे साहेब पिशवी घेऊन उभे.

"काय तांडेल, तुम्हीपण मासे घ्यायला? चांगले कोणाकडे मिळतात? तुम्हाला ठाऊक असणार."

सुजितने आईकडे पाहिलं. जमनाचा हात थांबला. पोराने फक्त "ही माझी आई" एवढं म्हणावं, मग मशीनवर काय, सोफ्यावरसुद्धा ती जन्मभर बसायला तयार होती.

"यांच्याकडे बघा सर," सुजित म्हणाला. "ताजे दिसतायत."

जमनाने साहेबांना निवडून पापलेट दिले. ते पिशवी सावरत पुढे गेले. सुजित तिथेच घुटमळत राहिला.

"तुमाला काय घ्यायचं नसंल तं बाजूला व्हा," जमना त्याला म्हणाली. "मागं गिऱ्हाईक खोळंबलंय."